दुसरी फेरी

चोआ चू कांग, सिंगापूर
रविवार, १२ एप्रिल २०१५

प्रिय अदिती,

अनेक आशीर्वाद. एवढं लिहून पेन खाली ठेवलं, गॅसवरचं दूध उतरवून आले, आणि पुन्हा वाचलं. आशीर्वाद लिहायचा मला आता हक्क आहे की नाही कोण जाणे, पण खोडलं तर जास्तच वाईट दिसेल. राहू दे. सव्वादोन वर्षं झाली, तू आणि मी एकमेकींशी एक अक्षर बोललेलो नाही. रविवारी सकाळी स्काइपवर यशोधनचं लेकीशी बोलणं आटोपलं की मला जाईची पाच मिनिटं मिळतात. तिच्या मागची भिंत दिसते, कधी भिंतीजवळून जाणारा तुझा कोपर दिसतो, आणि मग कोपरही जातो. म्हणून कागद घेतला. तुझ्याकडे एक मागणं आहे. ते मी शेवटी लिहिणार आहे, आणि तू दुकानाची पावतीसुद्धा खालून वर वाचतेस हे मला माहीत आहे. तेव्हा एवढी एक कृपा कर, हे पत्र वरून खाली वाच.

सुरुवात जाईपासून झाली. मागच्या महिन्यात तिच्या बाईंनी वर्गाला 'आपलं गाव' असा प्रकल्प दिला. गावात माणसं किती, घरं किती, लोक करतात काय, हे सगळं मांडायचं. जाईला आठवलं की आजी पुण्यात शाळेत शिकवत असताना माणसं मोजायला जायची. तिने मला विचारलं, आजी, मोजताना पहिल्यांदा काय करायचं? अगं, मी इतकी खूश झाले म्हणून सांगू! एक्याऐंशी, एक्याण्णव आणि दोन हजार एक, तीन जनगणना केल्यात मी. महापालिकेच्या शाळेतल्या बायकांना कुठे सुटका असते त्यातून? एका हातात गेरूचा डबा, दुसऱ्या हातात फॉर्मची पिशवी, आणि दारोदार कुत्री. मी तिला सांगितलं, पहिल्यांदा मोजायचं नाही, पहिल्यांदा नजरी नकाशा काढायचा. रस्ता कुठून येतो, कुठे जातो, पाणी कुठे, देऊळ कुठे. पुढच्या रविवारी तिने नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला. नदी, पूल, चार चर्च, तुझा कारखाना, आणि कोपऱ्यात लाल छपराचं तुमचं घर. छपरावर तिने घराचा नंबर टाकला होता, मी गेरूने टाकत असे तसा, गोल करून.

मग मलाच चैन पडेना. बुकित बातोकच्या जुन्या घरी आपल्या मजल्यावर असलेल्या चव्हाणांची अवनी आठवते ना? तेव्हा वेण्या घालायची, आता दहावीला आहे, भूगोल घेतलाय. तिला म्हटलं, मला जाईच्या अमेरिकेतल्या गावाची, या ब्रॅमली फॉल्सची माहिती काढून दे. तिने शाळेच्या लायब्ररीतून अकरा पानं छापून आणली, सगळे तक्ते. माझ्याकडून साबुदाण्याची खिचडी वसूल केली आणि पानं दिली. गेले तीन आठवडे मी ती अकरा पानं वाचतेय. यशोधन म्हणतो, आई, लोक पोथी वाचतात. वाचू देत. मला यात जास्त माणसं भेटतात.

तुझं शहर म्हणे अकरा हजार चारशे अडतीस माणसांचं. शहर! इथे लिफ्टने खाली उतरून वीस-पंचवीस ब्लॉक फिरले की तेवढी माणसं होतात. दहा वर्षांपूर्वी तुमच्याकडे सहाशे अडुसष्ट जास्त होती. ती कुठे गेली? मुलं शिकायला गेली आणि परतली नाहीत, की म्हातारी माणसं गेली? तक्ता ते सांगत नाही. दर पाचात एक जण पासष्टच्या पुढचा. चार हजार नऊशे घरांपैकी सोळाशे सत्तर घरांत एकच माणूस. अदिती, इतकी माणसं एकटी राहतात तर ती एकमेकांकडे जेवायला जातात का गं? दर तिघांतला एक कारखान्यात. कामावर पोचायला सरासरी सतरा मिनिटं. यशोधनला इथून रॅफल्स प्लेसला पोचेपर्यंत पाऊण तास लागतो, तोही गाडीत उभं राहून, म्हणून मला त्या सतरा मिनिटांचा हेवा वाटला. बसने कामावर जाणारी माणसं किती म्हणशील? नऊ. आणि शेजारी बारीक अक्षरांत, अधिक-उणे अकरा. मी डोक्याला हात लावला. म्हणजे उणे दोन माणसंही बसने जात असतील की काय! अवनीने मला समजावलं की या तक्त्यासाठी दारोदार कोणी गेलेलंच नाही, थोड्या घरांना विचारून बाकीचा अंदाज बांधलाय. आंटी, एस्टिमेट ओन्ली लाह, असं इथल्या पद्धतीने शेवटी लाह लावून म्हणाली आणि खिचडीतले दाणे वेचून खात बसली. मला ते पटलं नाही. माणूस काय अंदाजाने मोजायचा असतो? पण ती नऊ माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही, की परवडत नाही? थंडीत थांब्यावर कुठे उभी राहतात? तू त्यांच्यात नाहीस ना? पहिल्या हिवाळ्यात जाई म्हणाली होती की मम्माला बर्फात गाडी चालवायची भीती वाटते.

घर कशाने गरम करतात तेही लिहिलंय. बहुतेक गॅस, थोडी वीज, आणि एकशे साठ घरं लाकडाने. अमेरिकेत चूल! मला फार आपलेपणा वाटला. आणि प्रत्येकाचं मूळ कुठलं तेही विचारतात, जर्मन किती, आयरिश किती. पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनही विचारतात. आपल्याकडे मूळ गाव कोणतं म्हणून खोदून खोदून विचारणाऱ्या बायकांना मी उगाच नावं ठेवत होते.

आता माझी फजिती ऐक. पाचव्या पानावर एक ओळ आहे, भारतीय: सत्तावीस. ती ओळ सापडली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. सत्तावीसमधल्या दोन माझ्या, अशी माझी खात्रीच पटली. त्या आकड्यावर मी आठवडाभर जगले म्हण ना. उरलेल्या पंचवीस जणांची घरं मी मनातल्या मनात लावून टाकली. एखादा डॉक्टर, मोटेल चालवणारं एखादं गुजराती कुटुंब, तुझ्या कारखान्यातले दोघे-तिघे. त्यातली कोण तुला कोथिंबीर आणून देत असेल, कोण जाईला गणपतीत बोलावत असेल. मग अवनीने पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. मोजणी एप्रिल दोन हजार दहाची. तू गेलीस दोन हजार तेराच्या जानेवारीत. त्या सत्तावीसात तुम्ही दोघी नाहीच. तीन जनगणना केलेल्या बाईने तारीख बघू नये! प्रशिक्षणात पहिल्या तासाला तेच शिकवतात, कुठल्या दिवसाची मोजणी. एक्याण्णव सालापर्यंत आम्ही एक मार्चच्या सूर्योदयाला माणूस जिथे असेल तिथला धरत होतो. सूर्योदयानंतर जन्मलं ते बाळ मोजायचं नाही, एवढं कडक.

मग मी आठवू लागले, त्या एप्रिलमध्ये आपण कुठे होतो. बुकित बातोकला. जाईला कांजिण्या आल्या होत्या, तू रजा टाकली होतीस, आणि कडुलिंबाच्या पाल्याशिवाय अंघोळ घालायची नाही असा हट्ट मी धरला होता. ब्लॉकच्या मागे रस्त्याकडेला झाड होतं, पण फांदी तोडली तर दंड होईल या भीतीने तू कापायची कात्री ओढणीत गुंडाळून आणली होतीस. मी पहारा देत होते. एक चिनी काका कुत्रा घेऊन आले तेव्हा तू झाडाला टेकून फोनवर बोलायचं सोंग केलंस, आणि फोन उलटा धरला होतास. वर येईपर्यंत लिफ्टमध्ये आपण दोघी इतक्या हसलो की माझी उचकी थांबेना. तर तुमच्या गावात मोजणी चालली होती तेव्हा तू माझ्याबरोबर पाला चोरत होतीस. तेव्हा तुला कोणी विचारलं असतं, ही तुझी कोण, तर तू एका शब्दात सांगितलं असतंस.

सातव्या पानावर आणखी एक रकाना आहे. बाई कुटुंबप्रमुख, घरात अठराच्या आतली मुलं, नवरा हजर नाही. हजर नाही! अगदी शाळेच्या हजेरीपटासारखं. पहिल्यांदा मी हसले, आणि मग पान मिटलं. तीनशे पंच्याण्णव घरं आहेत तशी. पुढच्या मोजणीत तुझं घर त्याच रकान्यात जाणार. मला त्या रकान्याची लाज वाटत नाही, हे तुला माझ्या हाताने लिहून द्यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी वाटत होती. चव्हाणबाईंना मी सहा महिने सांगत होते की तुला कंपनीने कामासाठी पाठवलंय, येईल; घटस्फोटाचं नावच काढलं नाही. कंपनीने पाठवलं हे खरंच होतं, म्हणून खोटं बोलायला सोपं गेलं.

आता जे सांगणार आहे ते मी यशोधनच्या बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही. एक्याण्णव सालची गोष्ट. मंगळवार पेठेत माझ्या वाट्याला आलेल्या घरांत दोन खोल्यांचं एक घर होतं. म्हाळसाबाई नावाची म्हातारी आणि सुलेखा नावाची तिशीची बाई, दोघीच. म्हाळसाबाईंच्या मुलाने सुलेखाशी कायदेशीर घटस्फोट घेऊन नागपूरला दुसरा संसार थाटला होता. सुलेखा शिवणकाम करायची आणि म्हातारीला सांभाळायची. कुटुंबप्रमुख म्हाळसाबाई. पुढचा रकाना, प्रमुखाशी नातं. म्हातारी ठणकावून म्हणाली, सून. मला सगळी हकीकत ठाऊक होती. घटस्फोट झाला म्हणजे सून कसली, असं मी माझ्याच डोक्याने ठरवलं. कुठल्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं नव्हतं, मला कोणी सांगितलंही नव्हतं. मी लिहिलं, नातं नाही. म्हातारी म्हणाली, काय लिहिलंस ते वाचून दाखव. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी सरळ तिच्या तोंडाकडे बघून वाचलं, सून. तिने समाधानाने मान हलवली आणि सुलेखाला मला चहा द्यायला सांगितलं. मी तो चहा प्यायले, अदिती.

मोजणी संपली की मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरी फेरी असते. त्याच घरांना पुन्हा जायचं. मधल्या दिवसांत कोणी जन्मलं का, कोणी गेलं का विचारायचं, चुकलं असेल ते दुरुस्त करायचं. मी पुन्हा त्या दारात उभी राहिले. फॉर्म पिशवीत होता, पेन हातात होतं. म्हातारीने विचारलं, नीट लिहिलंयस ना बाई? मी हो म्हटलं आणि पुढच्या घरी गेले. एक रेघ मारून दोन अक्षरं लिहायची होती, तीही मी लिहिली नाहीत. माझं अक्षर वळणदार, माझ्या फॉर्मवर खाडाखोड नसते, याचा मला तेव्हा मोठा अभिमान होता. कारण विचारशील तर एवढंच.

आणि बावीस वर्षांनी बुकित बातोकच्या दारात तू उभी होतीस. खाली टॅक्सी आली होती, दोन बॅगा लिफ्टमध्ये गेल्या होत्या, जाई ते जांभळं जाकीट घालून घामाघूम झाली होती. तू वाकलीस नमस्काराला, आणि मी पाय मागे घेतला. म्हणाले, आता कशाला. तू ताठ उभी राहिलीस, जाईच्या जाकिटाची चेन खाली केलीस, आणि गेलीस. पुष्कळदा वाटलं तुला कळवावं की शब्द भलताच निघाला. पण तसं नव्हतं. मला तेच म्हणायचं होतं आणि तुला लागावं असंच वाटत होतं. माझ्या मुलाचं घर तू मोडलंस, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तो ऑफिसातून येऊन फोनशी बोलायचा, तुझ्याशी नाही, हे मला रोज दिसत होतं. तू एक वाक्य बोलायचीस आणि उत्तराची वाट बघत बसायचीस, तेही दिसत होतं. मी मात्र त्याच्या ताटात गरम पोळी वाढत राहिले. माझं चुकलं, अदिती. फार चुकलं. मागच्या दिवाळीत यशोधन आपण होऊन म्हणाला की आई, मी दोन वर्षं त्या घरात नव्हतोच. तो आता बरा आहे. आमटी करायला शिकलाय, गूळ जास्त घालतो. तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही, कधी बोललाही नाही. बोलले ते मीच.

जाईचं गाव पुरं झालं. बाईंनी तिला वर्गात वाचायला लावलं म्हणे. पण त्या नादात ती मला एक गोष्ट सांगून बसली, तिला रागावू नकोस. जूनपासून शाळेला तीन महिने सुट्टी, तुझी पाळी सकाळी सहाची, आणि तिला ठेवायला कोणी सापडत नाही म्हणून तू काळजीत आहेस. मग स्वतःच तोडगा काढून मोकळी झाली. आजी, यू कम लाह, माझ्या खोलीत दोन बेड आहेत. दोन वर्षं अमेरिकेत राहूनही तिचा तो लाह सुटलेला नाही. फोन ठेवल्यावर नवव्या पानावरची एक ओळ काढून बसले. त्या गावात नातवंडांबरोबर एका घरात राहणारे आजी-आजोबा किती, हेही तिथली मंडळी विचारतात. एकशे बेचाळीस. अधिक-उणे किती ते मी बघितलं नाही.

आता मागणं. परवा यशोधनने माझा अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज कॉम्प्युटरवर उघडला. नाव, जन्म, पासपोर्ट, सगळं पटापट भरलं. माझा इथे राहायचा पाससुद्धा मुलाची आई म्हणूनच मिळालाय, त्यामुळे कोणाचं तरी कोण म्हणून राहायची मला सवय आहे. पुढे आलं, तिथे कोणाकडे जाणार? तुझं नाव घातलं. त्याखाली, तिचं तुमच्याशी नातं काय? टाइप करायची सोय नाही, दिलेल्यातलं एक निवडायचं. नातेवाईक, जोडीदार, मित्र-मैत्रीण, धंद्यातला सहकारी, मालक, शाळेचा अधिकारी, इतर. यशोधनने खुर्ची मागे सरकवली. मग उठला आणि म्हणाला, आई, हे मला भरता येणार नाही, तिलाच विचार. 'इतर'वर बोट ठेवणं सगळ्यात सोपं होतं, कोणी हरकत घेतली नसती. पण तसं मी एकदा केलेलं आहे. म्हणून या वेळी आधी वाचून दाखवते, जे लिहायचंय तेच वाचते, आणि तू हो म्हणालीस तरच लिहिते: नातेवाईक. जूनमध्ये येईन, ऑगस्टअखेर परत फिरेन, तुझ्या घरात तू प्रमुख आणि तू सांगशील तसं. नाही म्हणालीस तर तो अर्ज तसाच राहील, आणि रविवारची माझी पाच मिनिटं तेवढी चालू ठेव. खाली सही करताना जुन्या सवयीने हात गेला तेच लिहिलंय. तेही तपास. चुकलं असेल तर एक रेघ मार आणि पत्र परत पाठव, माझ्या कागदावर खाडाखोड झाली तरी आता चालेल.

तुझीच,
आई